बिबट्याच्या शेजारी सहा महिने: बीडच्या कोप्यांचा इतिहास

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचा हा लिखित मजकूर. रेकॉर्डिंगमध्ये जी वाक्यं अर्धवट सुटली होती ती इथे पूर्ण केलीत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

इन्स्टाग्रामवर सध्या एका प्रकारच्या रील्स फार फिरतात. केनियातली मारा नदी, काठावर कापडी तंबू, आत पांढरीशुभ्र गादी, बाहेर कंदील आणि जरा पलीकडे पाण्यात पाणघोडे. आमच्या ऑफिसातला एक जण नुकताच तिकडे जाऊन आला. एका रात्रीचं भाडं त्याने सांगितलं आणि मी मनातल्या मनात हिशेब केला, की एवढ्या पैशासाठी किती टन ऊस तोडावा लागेल. बीडच्या माणसाची ही सवय पुण्यात येऊनही जात नाही.

कारण नदीच्या नाहीतर कालव्याच्या काठी, कापडाच्या आडोशाला, अंधारात जनावर फिरत असताना झोपणं हे आमच्या जिल्ह्यातली काही लाख माणसं दरवर्षी करतात. पाच-पाच, सहा-सहा महिने. त्याचं कुणी रील करत नाही. आज त्याच्याबद्दल बोलायचंय. पण सुरुवात आफ्रिकेतूनच करू, कारण आफ्रिकेतल्या नदीकाठच्या ज्या मुक्कामाची गोष्ट जगभर गाजली, तो मुक्काम हौशी पर्यटकांचा नव्हता. आपल्याकडून गेलेल्या मजुरांचा होता.

'सफारी' हा शब्द स्वाहिली. तो आला अरबी 'सफर'वरून, आणि तोच सफर फारसीतून आपल्या मराठीतही आला. म्हणजे शब्द एकच. फक्त एकाच्या वाट्याला दुर्बीण आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला फावडं.

साल १८९८. इंग्रज मोंबासा बंदरातून आत व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे नेत होते, युगांडा रेल्वे. त्यासाठी हिंदुस्थानातून बत्तीस हजारांच्या आसपास मजूर नेले, बहुतेक पंजाबचे, कराचीहून बोटीने. वाटेत त्सावो नावाची नदी लागते. तिच्यावर पूल बांधायला जॉन पॅटरसन नावाचा इंजिनिअर मार्चमध्ये आला. मजुरांचे तंबू नदीच्या दोन्ही अंगांना दूरपर्यंत पसरलेले. थोड्याच दिवसांत दोन सिंह रात्री तंबूत शिरून माणसं ओढून न्यायला लागले. मजुरांनी तंबूंभोवती काटेरी झुडपांचं कुंपण घातलं, त्याला तिकडे 'बोमा' म्हणतात. आपल्याकडे मेंढरांच्या वाड्याला बाभळीच्या फांद्या लावतात तसंच. रात्रभर शेकोट्या पेटवल्या, पत्र्याचे डबे वाजवले. सिंह कुंपणातून आत येत राहिले. शेवटी डिसेंबरच्या सुरुवातीला मजुरांनी रूळांवर पडून गाडी अडवली, तिच्यात बसले आणि निघून गेले. पुलाचं काम तीन आठवडे ठप्प. डिसेंबर संपायच्या आत पॅटरसनने दोन्ही सिंह मारले. त्यांची कातडी आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवली आहेत.

या गोष्टीवर १९९६ साली हॉलिवूडचा सिनेमा आला. पण मला तिच्यातलं सिंहांपेक्षा दुसरंच काही जास्त टोचतं. किती माणसं मेली हे आजही नक्की ठरत नाही. पॅटरसनने पुस्तकात २८ हिंदी मजूर लिहिले, आणि आफ्रिकन किती ते मोजलेच नव्हते असंही लिहिलं. नंतर त्यानेच १३५चा आकडा सांगितला. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्या सिंहांच्या हाडांचा आणि केसांचा अभ्यास करून अंदाज काढला, ३५च्या आसपास. सिंहांच्या कवट्या नीट जपून ठेवल्या आणि माणसांची यादी नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्याकडे येऊ.

ज्यांनी ऊसतोड जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे शब्द. नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात 'एक कोयता'. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. मुकादम हंगामाच्या आधी पैसे देतो, ती 'उचल', आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई. गावंच्या गावं रिकामी होतात. मागे म्हातारी माणसं, काही पोरं आणि कुत्री. जायचं कुठे? नगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, शिवाय कर्नाटक. म्हणजे प्रवरा, कुकडी, घोड, भीमा, नीरा, कृष्णा. नकाशावर या सगळ्या जागांना जोडणारी एकच गोष्ट आहे, नदीचं पाणी.

तिथे पोचल्यावर राहायला 'कोपी'. बांबू वाकवायचे, वर चटया नाहीतर पाचट, त्यावर ताडपत्री. उभं राहायचं तर मधोमधच राहता येतं. दार नसतं. दाराच्या जागी पोतं किंवा जुनं लुगडं. बाहेर तीन दगडांची चूल, बाजूला बैल, एखादी शेळी, कोंबड्या, आणि गावाकडून गाडीमागे चालत आलेलं कुत्रं. कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात अशा शेकडो कोप्या असतात, त्या 'गाडी सेंटर'वाल्यांच्या. 'डोकी सेंटर'वाले मात्र फडाजवळच राहतात, एक फड संपला की बिऱ्हाड उचलून पुढच्या गावाला. डोकी म्हणजे डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवणारे. दहा-पंधरा कोप्या, चारी बाजूंनी ऊस, खाली ओढा किंवा कालवा. लाइट बहुतेक नाहीच.

माझी मावशी अशा टोळीत बरेच हंगाम गेली. तिला मी एकदा विचारलं, रात्री झोपायचा कसं? ती म्हणाली, पोरं मधी, माणसं कडंला. बाई बाहेर जायची तर दोघी-तिघींनी मिळून, हातात ताट आणि उलथणं, वाजवत. सोय म्हणजे उसाची कड. पहाटे तीन-चारला उठायचं, भाकरी थापायची, अंधारातच फडात जायचं. लहान पोर सोबत न्यायचं आणि बांधावर पाचटावर निजवायचं, नाहीतर कोपीत थोरलीच्या हवाली. थोरली म्हणजे वय वर्षं आठ.

मी तिला वाघाबद्दल विचारलं. बिबट्याला आमच्याकडे सरसकट वाघच म्हणतात. ती म्हणाली, आपल्या रानात लांडगं, वाघ कधी ऐकला नव्हता, तिकडंच पहिल्यांदा बघितला.

मावशीच्या या बोलण्यात इतिहास आहे. बीडचं रान म्हणजे बालाघाटाचे बोडके डोंगर आणि माळ. तिथे लांडगा, तरस, काळवीट. पाटोद्याजवळ नायगावला तर मोरांचं अभयारण्य. अकोल्याच्या डोंगरात महादेव कोळी लोक दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. वाघोबाचं ठाणं, त्याला नैवेद्य. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून शिकलेली ती रीत आहे. आमची माणसं त्या मुलखात पोचतात ती उसाचा हंगाम असतो म्हणून, आणि वाघाबरोबर कसं राहायचं हे त्यांना सांगायला कुणी आजोबा नसतो.

मग प्रश्न असा, की ही माणसं आणि हे बिबटे एका जागी आले कसे? मला वाटतं दोघांनाही पाण्याने तिथे आणलं. हे जरा सविस्तर बघू.

बीड १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. मांजरा नदी उगवते आमच्या पाटोदा तालुक्यात. निजामाने तिच्यावर मोठं धरण बांधलं खरं, निजामसागर, १९३१ साली पुरं झालं. पण ते खाली तेलंगणात. त्याच्या पाण्यावर ऊस झाला आणि १९३७ साली बोधनला साखर कारखाना निघाला, जो पुढे आशियातल्या मोठ्या कारखान्यांत गणला गेला. नदी आमची, साखर बोधनची. त्याच काळात इंग्रजांच्या मुलखात काय चाललं होतं? नीरेचा कालवा १८८५ सालचा. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण. गंमत म्हणजे हे कालवे काढले होते दुष्काळासाठी, ज्वारी जगावी म्हणून. पण पाणी आलं की पैसा देणारं पीक येतं. ऊस आला, मागोमाग खाजगी कारखाने आले. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणलं आणि १९५०-५१च्या हंगामात लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. ते यश बघून साठ-सत्तरच्या दशकात नदीनदीवर कारखाने उभे राहिले.

तोडायला हात हवे होते. आणि नेमके तेव्हाच १९७२चा दुष्काळ पडला. आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो सुकडी आणि खडी फोडणं या दोनच गोष्टी सांगेल. दुष्काळ गेला, पण घाट उतरून ऊस तोडायला जायची वाट पक्की झाली. पुढे १९७६ साली पैठणला जायकवाडी झालं, गोदाकाठच्या गेवराई-माजलगावला पाणी मिळालं, बीडमध्येही ऊस आणि कारखाने आले. तरी डोंगरपट्ट्यातली माणसं जायची थांबली नाहीत, कारण उचल एकदा अंगावर बसली की पुढच्या वर्षीचं जाणंही ठरून जातं.

ही झाली माणसांची बाजू. आता बिबट्याची.

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला तर सोळा-अठरा महिने उभा राहतो. दहा-बारा फूट उंच. एकदा भरला की आत कुणी जात नाही. गारवा, सावली, पाटाचं पाणी, रानडुकरं, घुशी, आणि बाहेर वस्तीवर कुत्री-शेळ्या. बिबट्याला आणखी काय लागतं? जुन्नर तालुक्याचंच बघा. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे, अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली आणि पूर्वी जिथे बाजरी होती तिथे बारमाही हिरवं झालं. बाजरीत बिबट्या लपत नाही. उसात मादी पिल्लंसुद्धा घालते. आज जे बिबटे तिथे आहेत, त्यांतले कित्येक उसातच जन्मले, वाढले. त्यांना 'जंगलातून भरकटलेला बिबट्या' म्हणणाऱ्या बातम्या वाचल्या की मला हसू येतं. तो कुठूनही भरकटलेला नसतो, तो घरीच असतो.

अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजदाद केली. २०१३ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात, जिथे नावालाही अभयारण्य नाही अशा शेतीच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आणि तेवढेच तरस निघाले. ते खातात काय? वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव आणि गावातली जनावरं, त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कोपीबाहेर बांधलेलं कुत्रं आलं. ते राखण करतं आणि त्याच्याच वासावर बिबट्या येतो. बीडहून इतक्या लांब चालत आलेल्या कुत्र्याला हाकलणार कोण?

आणि आता बघा: सोळा महिने ज्या उसात कुणी जात नाही त्यात कोयता घेऊन शिरणारा पहिला माणूस कोण? शेतकरी कडेला उभा असतो. आत टोळी जाते. वाकून, बुडाशी कोयता घालत. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला उभ्या माणसासारखा दिसत नाही, लहान जनावरासारखा दिसतो. पोरांचं तर बोलायलाच नको. फड तोडत आणला की शेवटच्या पट्ट्यात जे काही दडलेलं असेल, ससा, डुक्कर, बिबट्याची पिल्लं, ते बाहेर येतं. टोळ्यांना हे ठाऊक असतं. शेवटचा पट्टा असला की पोरांना लांब नेतात.

सरकारने काय केलं? योगायोग असा, की ज्या १९७२ साली दुष्काळाने माणसं घाटाखाली उतरवली, त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. बिबट्याला कायद्याने पूर्ण संरक्षण मिळालं, जे मिळायलाच हवं होतं. पण लोकांचा राग वाढला की पिंजरे लावून बिबटे पकडायचे आणि दूर सोडायचे, हाच उपाय चालू राहिला. जुन्नर भागात २००१ ते २००३मध्ये शंभराहून जास्त बिबटे पकडले. परिणाम? त्याआधी वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, ते सरासरी १७वर गेले. अत्रेय यांच्या गटाने २०११ साली हे आकडे मांडले. अनोळखी जागी सोडलेला बिबट्या बिथरतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा येतो. शिवाय सोडलेला तिथेच राहील याची खात्री नाही. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला नर माळशेज घाटात सोडला, तर पठ्ठ्या सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या दिशेने वसईपर्यंत गेला. गळ्यात पट्टा होता म्हणून कळलं. 'आजोबा' सिनेमा त्याच्यावरच आहे. सवा-दीडशे गावं ओलांडली असतील, पण वाटेत त्याने माणसावर हल्ला केल्याची एकही नोंद नाही.

एवढं सगळं वाचून मी बिबट्याच्या बाजूने झुकत चाललो होतो. मग २०२०चा हिवाळा आठवला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बिबट्या आमच्या जिल्ह्यात आला. आष्टी तालुका, म्हणजे जिथून टोळ्या जातात तोच भाग. सुर्डी, किन्ही, पारगाव जोगेश्वरी. काही दिवसांत तीन माणसं गेली, त्यांत एक दहा वर्षांचा मुलगा. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसरात्र फोटो फिरत होते, निम्मे खोटे, गुजरातचे नाहीतर कर्नाटकचे. लोकांनी रानात जाणं सोडलं. तूर, कापूस तसाच उभा. पिंजरे लागले, पथकं आली. तो दक्षिणेला सरकला, सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याला. तिथे उजनी धरणाचा फुगवटा आहे, भीमेचं अडलेलं पाणी, आणि त्याच्या काठाने ऊस आणि केळी. अगदी बिबट्याला हवा तसा मुलूख, आणि नेमका तोडणीचा हंगाम. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथेही तीन बळी गेले. तिसरी होती चिखलठाणची, ऊसतोड कामगाराची लहान मुलगी. आई-बाप फडात होते. १८ डिसेंबरला वांगीजवळ वन खात्याच्या परवानगीने त्याला गोळी घातली.

या एका बिबट्याने संशोधकांचं म्हणणं खोटं ठरत नाही. शेकडो बिबटे उसात राहतात आणि माणसाला चुकवत राहतात, हे खरंच आहे. पण चुकवायचं दोघांनी असतं. पक्क्या घरात राहणारा माणूस दार लावू शकतो, दिवा लावू शकतो, संडासला आत जाऊ शकतो. वन खातं सांगतं, अंधारात एकटं फिरू नका, मुलांना उघड्यावर झोपवू नका, शेळ्या बंद गोठ्यात ठेवा, जाताना मोबाइलवर गाणी लावा. सगळे सल्ले बरोबर आहेत. कोपीत राहणाऱ्याने त्यातला पाळायचा कोणता? मोबाइलवर गाणी, तेवढा एकच. आणि तो खरंच पाळतात. पहाटे चारला कालव्याच्या रस्त्याने टोळी चाललीय, पुढच्याच्या कमरेला ब्लूटूथ स्पीकर आणि फुल आवाजात गाणी, हे तुम्ही नगरकडे कुठेही ऐकाल. त्सावोला पत्र्याचे डबे होते, एवढाच काय तो फरक.

आणि मोजदाद? बिबटे किती हे कॅमेऱ्याने मोजलंय. ऊसतोड कामगार नक्की किती, हे विचाराल तर प्रत्येक अहवाल वेगळा आकडा सांगतो. माणूस मुकादमाचा, ऊस शेतकऱ्याचा, तोडणी कारखान्याची, जागा भलत्याच गावाच्या ग्रामपंचायतीची. बिबट्याने मारलं तर वन खात्याची भरपाई मिळते, आणि ती बरीच वाढलीय हे मान्य. पण कोपीसमोर दिवा लावायचा तर तो कुणी लावायचा हे ठरलेलं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कामगारांसाठी महामंडळ झालं. गाळलेल्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून १० रुपये घ्यायचं ठरलं. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. पोर गावातच शाळेत राहिलं तर ते बांधावर निजणार नाही, इतकी सरळ गोष्ट आहे ही. माझ्या मते बिबट्याचे हल्ले थांबवायचा सगळ्यात स्वस्त उपाय पिंजरा नसून हे वसतिगृह आहे. त्यानंतर सौर दिवा आणि पत्र्याचा का होईना, पण दार असलेला संडास.

एक शेवटची गोष्ट, कारण ती मला फार आवडते. फडात पिल्लं सापडली की हल्ली बऱ्याच ठिकाणी टोळी कोयता थांबवते आणि वन खात्याला फोन जातो. माणिकडोहच्या बिबट्या निवारण केंद्रातले डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी एका खोक्यात ठेवतात. कॅमेरा लावून सगळे लांब जातात. रात्री मादी येते, खोकं हुंगते, एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, लाखो व्ह्यू असतात. पिल्लं नेली नाहीत तर चवताळलेली मादी त्याच परिसरात फिरत राहते, म्हणून हे टोळीच्याही भल्याचं आहे.

फक्त व्हिडिओत एक दिसत नाही. तोडणीचा पैसा टनावर असतो. तो फड त्या दिवशी बंद राहिला, ट्रक रिकामा गेला, तर त्या दिवसाची मजुरी टोळीला कोण देतं? मी ज्या चार-पाच जणांना विचारलं, त्यांच्यापैकी कुणालाच कधी मिळालेली नव्हती.

तुमच्या घरातलं कुणी फडावर जात असेल तर त्यांना विचारा, आणि दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवा. वाघ पाहिला का, कुठल्या नदीच्या काठाला, आणि रात्री कोपीच्या तोंडाशी काय लावता. पुढच्या भागात त्या ऐकवतो.